स्केटमध्ये पाय दुखतो तेव्हा: इनसोल आणि ऑर्थोटिक निवडताना

कॅनडातल्या आमच्या मिसिसागाच्या आइस स्केटिंग रिंकवर शनिवारी सकाळी मोठ्या माणसांचा क्लास असतो. पंधराएक मिनिटं झाली की कुणीतरी कठडा धरत बाहेर येतं, बाकावर टेकतं, लेस सैल करतं आणि बुटावरूनच तळवा दाबायला लागतं. सहा वर्षांपूर्वी त्या बाकावर मी असायचे. अडतिसाव्या वर्षी स्केटिंग शिकायला घेतलं, पाय जन्मापासून सपाट, त्यामुळे दुखणार हे मी गृहीतच धरलं होतं. दुखलं की नवे इनसोल, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायचे तळ, आणायचे, असं करत एका हिवाळ्यात तीन जोड झाले. मग स्केटचे बूट पायाला बसवून देणाऱ्या एका अनुभवी फिटरने माझ्या बुटातला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि मला त्यावर उभं राहायला सांगितलं. अंगठ्याच्या पुढे चांगली दीड बोट जागा मोकळी होती. दुकानात मला रोजच्या बुटांच्या मापाचे स्केट दिले होते. मी तीन जोड इनसोल ज्या बुटात घालत होते, तो बूटच माझा नव्हता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते, आणि विचारेल त्याला तोच सांगते: आधी बूट, मग ब्लेड, मग इनसोल, आणि सगळ्यात शेवटी मापाचं ऑर्थोटिक, म्हणजे तज्ज्ञाने खास तुमच्या पायासाठी बनवलेला इनसोल. क्रम उलटा केला की पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

स्केटमध्ये पायाचं काय होतं

चालताना पाय टाचेवरून चवड्यावर जातो, बूट वाकतो, तळव्याला दर पावलागणिक थोडी उसंत मिळते. स्केटचा बूट वाकत नाही. त्याच्याखाली फिगर स्केटचं साधारण चार मिलिमीटर जाडीचं ब्लेड असतं, हॉकीचं तीनच्या आसपास. एवढ्याशा धातूवर सगळं वजन तोलायचं. पायाची कमान आत खचली की घोटा आत झुकतो, घोटा झुकला की ब्लेड आतल्या कडेवर पडतं, आणि ते सरळ धरून ठेवायला तळव्याचे लहान लहान स्नायू सतत ताणलेले राहतात. तळव्यात गोळा येतो तो बहुतेक वेळा यातूनच.

कारखान्यातून बुटासोबत येणारा इनसोल म्हणजे बहुधा फोमचा पातळ, सपाट तुकडा असतो. दोन बोटांत धरून दुमडला तर कागदासारखा दुमडतो. तो फक्त अस्तराचं काम करतो. कमानीखालची पोकळी त्याने भरत नाही आणि टाचही धरून ठेवली जात नाही.

पहिलं काम: नेमकं कुठे दुखतं ते बघा

"पाय दुखतात" एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा आणि बर्फावरून उतरल्या उतरल्या दुखऱ्या जागेवर खूण करा. किती मिनिटांनी सुरू झालं आणि बूट काढल्यावर किती वेळात थांबलं, हेही लिहा. तीनचार वेळा असं केलं की चित्र स्पष्ट होतं.

कमानीत गोळा येतो आणि बूट काढला की काही मिनिटांत जातो, असं असेल तर आधी लेस बघा. नवशिका माणूस पुढची लेस करकचून आवळतो आणि पडायच्या भीतीने बोटांनी बूट पकडून ठेवतो. चवड्यावरची लेस जरा सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट आणि वरची दोनतीन घरं (लेस ओवायची भोकं) पुन्हा थोडी सैल, असं बांधून बघा. त्याने फरक पडला नाही, तर कमानीखाली आधार नाही असं समजायला हरकत नाही. इथे इनसोल खरंच कामाला येतो.

टाचेच्या खाली दुखतं आणि सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं नकोशी होतात, हे तळव्याच्या पडद्याच्या, म्हणजे प्लांटर फेशियाच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण आहे. टाचेला खोल वाटी असलेला आणि कमानीखाली कडक असलेला इनसोल त्यात उपयोगी पडतो, पण पोटऱ्यांचे ताण रोज दिल्याशिवाय त्याचा पुरता फायदा दिसत नाही.

चवड्यात आग होते, तिसऱ्या-चौथ्या बोटाला मुंग्या येतात, बूट काढून बोटं चोळली की बरं वाटतं, असं असेल तर त्या बोटांमधली नस दबत असावी. बूट चवड्यात अरुंद असणं हे त्याचं पहिलं कारण. इनसोलवर थेंबाच्या आकाराची एक छोटी गादी चिकटवतात, तिला मेटाटार्सल पॅड म्हणतात. ती दुखऱ्या जागेच्या खाली लावायची नसते. दुखऱ्या हाडांच्या थोडी मागे, टाचेच्या बाजूला लावली म्हणजे ती हाडांना पसरवते आणि नसेला मोकळी जागा मिळते. माझ्या ओळखीच्या एका हॉकीवाल्याने ती नेमकी दुखऱ्या जागेखाली चिकटवली होती आणि दुखणं दुप्पट झालं म्हणून फेकून द्यायला निघाला होता. बोटभर मागे सरकवल्यावर तो सबंध मॅच खेळला.

घोट्याच्या पुढे, लेस बांधतो तिथे दुखत असेल तर इनसोलच्या वाटेला जाऊ नका. ती लेसची टोच असते. जाड इनसोल घातला तर पाय वर उचलला जाऊन बुटाच्या जिभेवर आणखी दाबला जातो. टाचेच्या मागे हाडाचा उंचवटा घासत असेल किंवा घोट्याच्या आतल्या हाडावर भोवरी पडत असेल, तर फिटर त्या जागी बूट गरम करून बाहेर फुगवून देतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

काही दुखणी मात्र इनसोलच्या पलीकडची आहेत. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशी एकाच हाडावरची दुखरी जागा, सूज, रात्री झोपेतही ठणकणं, बूट काढून तासभर झाला तरी न गेलेला बधिरपणा, यातलं काहीही असेल तर स्केट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आपल्या लोकांमध्ये मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हे वेगळं सांगते. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर कडक इनसोलने पडलेला फोड कळतसुद्धा नाही, आणि थंडीत तर नाहीच नाही. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने काही घालू नये, आणि दर वेळी घरी आल्यावर तळवे डोळ्यांनी तपासावेत.

बुटाचं माप

आतला इनसोल काढा, जमिनीवर ठेवा, टाच त्याच्या मागच्या कडेशी जुळवून त्यावर दोन्ही पायांवर वजन देऊन उभे राहा. बोटं कडेच्या अगदी जवळ यायला हवीत, पण बाहेर जाता कामा नयेत. चवडा दोन्ही बाजूंनी इनसोलच्या बाहेर ओघळत असेल तर बूट अरुंद आहे. आजूबाजूला रिकामी पट्टी दिसत असेल तर रुंद.

हॉकी स्केटमध्ये खोलीही बघावी लागते. लेस पूर्ण सैल करा, पाय आत घालून टाच मागे टेकवा, आणि वरून तिसऱ्या घरांवर आडवी पेन्सिल ठेवा. पेन्सिल दोन्ही घरांवर टेकण्याआधी पायाला लागली, तर बूट तुमच्या पायासाठी उथळ आहे. उथळ बुटात जाड इनसोल घातला तर रक्ताभिसरण अडून पाय बधिर व्हायला लागतात.

मुलांच्या बाबतीत आपली एक जुनी सवय नडते. कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, तसेच स्केटही "पुढच्या वर्षी चालतील" म्हणून एक-दीड साइज मोठे घ्यायचे. मीही माझ्या मुलीसाठी हेच केलं. टाच बुटात वरखाली होत राहिली, तिचा घोटा आत पडायला लागला, आणि मला वाटलं की माझे सपाट पाय तिच्याकडे गेले. महाग वाटत असेल तर वापरलेले पण मापाचे स्केट घ्या. इथे दर सप्टेंबरात अशा जोड्या भरपूर विकायला निघतात. फक्त बूट टेबलावर ठेवून मागून बघा. घोट्याचा भाग एका बाजूला कललेला किंवा खोल सुरकुती पडून मऊ झालेला असेल तर तो बूट संपलेला आहे. त्यात कितीही चांगला इनसोल घाला, भिंतच कललेली असेल तर सतरंजी बदलून काय होणार.

ब्लेड

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. घोटा आत पडतोय असं वाटायला ब्लेडची चुकीची धारही पुरते. ब्लेडच्या दोन कडांपैकी एक उंच आणि एक खाली राहिली, तर पाय आपोआप एका बाजूला ओढला जातो. बूट उलटा धरा, ब्लेडवर एक नाणं आडवं ठेवा आणि डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा. नाणं ब्लेडशी काटकोनात दिसलं पाहिजे. एका बाजूला कललेलं दिसलं तर धार पुन्हा लावून घ्या.

फिगर स्केटमध्ये ब्लेड स्क्रूने बसवलेलं असतं आणि सुरुवातीला लांबट भोकांमधले तात्पुरते स्क्रू लावतात. त्यामुळे ते मिलिमीटरभर आत-बाहेर सरकवता येतं. बर्फावरच्या एखाद्या रेषेवरून एका पायावर घसरत जा. काहीही न करता पाय दर वेळी आतच वळत असेल, तर जाणकार फिटरला ब्लेड थोडं आतल्या बाजूला सरकवायला सांगा. माझं उजव्या पायाचं दुखणं अर्धं याच उपायाने गेलं. मिलिमीटरची गोष्ट, पण तिथे उभं राहिल्यावर कळते.

पाय ओळखा

न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आल्यावर फरशीवर ठसे उमटतात, ते नीट बघा. टाच आणि चवड्यामधला भाग जवळजवळ उमटलाच नाही तर कमान उंच. सगळा तळवा उमटला तर पाय सपाट. पण तेवढ्यावर थांबू नका. आरशाकडे पाठ करून चवड्यांवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा. सपाट दिसणाऱ्या पायात चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान तयार होत असेल, तर पाय लवचिक आहे आणि आधार दिला की तो सहसा चांगला साथ देतो. चवड्यांवरही कमान दिसली नाही तर पाय ताठर आहे. अशा पायाला उंच, कडक कमान जबरदस्तीने लावली तर तळव्यात दगड घालून चालल्यासारखं होतं. त्याला तज्ज्ञाची गरज असते.

उंच कमानीचा पाय वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. तो बाहेरच्या बाजूला झुकतो, वजन टाचेवर आणि चवड्यावरच पडतं. त्याला कमानीखाली पूर्ण लागून येणारा आधार हवा, घोटा बाहेर ढकलणारा नको.

लहान मुलांचे तळवे सपाट दिसणं स्वाभाविक आहे, कमान हळूहळू तयार होते. मूल दुखण्याची तक्रार करत नसेल आणि चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर ऑर्थोटिकवर खर्च करायची काही गरज नाही. मोठा बूट बदलल्यावर माझ्या मुलीचा घोटा सरळ झाला. तिला आजवर काहीही वेगळं लागलेलं नाही.

तयार इनसोल निवडताना

दुकानात पाकीट उघडून तीन गोष्टी करा. इनसोल दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवा: कमानीच्या भागात वाकायला नको, चवड्यात वाकायला हवा. टाचेच्या वाटीत अंगठा दाबा: वाटी खोल आणि कडेने कडक हवी, म्हणजे टाचेची चरबी एका जागी राहते आणि टाच डगमगत नाही. मग त्यावर अनवाणी उभे राहा: कमानीचा सगळ्यात उंच बिंदू तुमच्या कमानीच्या उंच बिंदूखाली यायला हवा. तो पुढे आला तर चवड्याच्या मागे टोचतो, मागे आला तर टाचेला ढकलतो. माप बरोबर असूनही कमान जुळत नाही असं बऱ्याचदा होतं, आणि ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

जेलचे गुबगुबीत इनसोल स्केटमध्ये घालू नका, असं माझं ठाम मत आहे. दुकानात पाय ठेवल्यावर ते स्वर्गासारखे वाटतात. बर्फावर मात्र पाय त्यांच्यावर तरंगतो, ब्लेडची कड कुठे आहे ते तळव्याला कळत नाही, आणि तोल सांभाळायला स्नायू आणखी राबतात. स्केटमध्ये मऊपणापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा.

धावण्याच्या बुटांचे इनसोलही बहुधा जाड आणि रुंद पडतात. स्केटसाठी वेगळे, पातळ, टाचेला अरुंद असलेले मिळतात. सुपरफीटचे हॉकीसाठीचे इनसोल इथल्या बऱ्याच दुकानांत असतात. बॉअरचे स्पीडप्लेट नावाचे फूटबेड, म्हणजे इनसोलच, गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. तयार जोडीला साधारण ५० ते ७० डॉलर पडतात. माझ्या मते दहातल्या सात जणांचं काम एवढ्यावर भागतं, बूट आणि ब्लेड ठीक असेल तर.

कापणं आणि बसवणं

बुटातला मूळ इनसोल आधी बाहेर काढा. नवा त्याच्यावरच टाकणारे लोक मी पाहिलेत आणि मग बूट चावतो म्हणून तक्रार करतात. तो काही ठिकाणी गोंदाने हलका चिकटलेला असतो, टाचेकडून हळू ओढला की निघतो. जुना इनसोल नव्यावर टाचेशी टाच जुळवून ठेवा, बोटांकडची रेषा पेनाने आखा आणि रेषेच्या दोनतीन मिलिमीटर बाहेरून कापा. बुटात घालून बघा. पुढची कड वर वळत असेल तर आणखी थोडं कापा. टाचेकडून कधीही कापायचं नाही. हाताने आत चाचपडून बघा, कुठे सुरकुती राहिली तर पहिल्याच तासात तिथे फोड येतो.

आता पाय दोनतीन मिलिमीटर वर आला, म्हणून टाच बुटातून निसटते का ते बघा. गुडघे वाकवा, टाच उचलायचा प्रयत्न करा. टाच सुटत असेल तर हा इनसोल तुमच्या बुटासाठी जाड आहे.

मापाचं ऑर्थोटिक

तयार इनसोल सहा-आठ आठवडे प्रामाणिकपणे वापरूनही दुखत असेल, पाय ताठर असेल, दोन पायांत स्पष्ट फरक असेल, तर मापाच्या ऑर्थोटिककडे वळायचं. इथे ओन्टारिओ प्रांतात त्यासाठी सहसा किरोपोडिस्ट (पायांच्या दुखण्यांचा तज्ज्ञ) किंवा पेडॉर्थिस्ट (ऑर्थोटिक आणि बुटांचा तज्ज्ञ) यांच्याकडे जातात. सरकारी आरोग्य विमा हा खर्च देत नाही. नोकरीतल्या विम्यात बऱ्याचदा तरतूद असते, पण फक्त खेळासाठीचं ऑर्थोटिक काही योजनांत वगळलेलं असतं, तेव्हा माप देण्याआधी लेखी विचारून घ्या. इथे जोडीला ४०० ते ६०० डॉलर सहज लागतात, म्हणून एवढं बारकाईने सांगते आहे.

अपॉइंटमेंटला जाताना स्केट सोबत न्या. हे विसरू नका. रोजच्या बुटासाठी बनवलेलं ऑर्थोटिक स्केटमध्ये बहुधा बसत नाही. स्केटचा बूट टाचेला अरुंद असतो, आणि फिगर स्केटची टाच तर चांगलीच उंच असते. सपाट जमिनीच्या हिशोबाने केलेली कमान त्या उतारावर गेली की तिचा उंच बिंदू सरकतो. म्हणून बनवणाऱ्याला बुटाचा उतार, आतली रुंदी आणि मूळ इनसोलची जाडी प्रत्यक्ष बघू द्या. मूळ इनसोल काढून दिलात तर त्याच्या कडेनुसार तो ऑर्थोटिक घासून अरुंद करतो. कार्बन फायबरचा पाया पातळ असूनही कडक राहतो, त्यामुळे घट्ट बुटात तो चांगला. प्लास्टिकचा पाया थोडा जाड, पण नंतर घासून किंवा गरम करून बदलणं सोपं. "नंतर फेरफार करून देणार का, आणि किती वेळा?" हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा. पहिल्याच वेळी अचूक बसलेलं ऑर्थोटिक मी अजून पाहिलेलं नाही.

नवे बूट घ्यायचे असतील तर ऑर्थोटिक आधी करा आणि ते आत घालूनच बूट भट्टीत गरम करून पायावर बसवून घ्या. उलट क्रमाने केलं तर बूट एका उंचीच्या पायाला बसतो आणि नंतर पायाची उंची बदलते.

शॉर्ट ट्रॅक आणि स्पीड स्केटिंगवाल्यांचं, म्हणजे शर्यतीत स्केटिंग करणाऱ्यांचं, प्रकरण निराळं आहे. त्यांचे कार्बनचे बूट बऱ्याचदा पायाच्या साच्यावरूनच बनतात, आत काही घालायला फारशी जागा नसते, तेव्हा जी दुरुस्ती करायची ती साच्यातच.

भारतात असाल तर

गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर, देहरादूनला किंवा लेहच्या गोठलेल्या बर्फावर सराव करणाऱ्यांना फिटर सहज मिळत नाही. महाराष्ट्रातली बरीच मुलं इनलाइन स्केटवरून बर्फाकडे येतात, आणि इनलाइनच्या कडक बुटालाही वर सांगितलेला क्रम जसाच्या तसा लागू आहे. फक्त ब्लेडच्या जागी चाकांची फ्रेम तपासायची. मापाच्या ऑर्थोटिकसाठी प्रोस्थेटिक-ऑर्थोटिक (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवणाऱ्या) तज्ज्ञाकडे जायचं. मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये हा विभाग आहे. तिथल्या माणसाने स्केट कधी हातात धरला नसेल, म्हणून बूट न्याच, आणि मोबाइलवर स्वतःचा मागून काढलेला व्हिडिओही न्या. घोटा कुठे झुकतो ते त्याला लगेच दिसेल.

सवय लावणं

नवा इनसोल घालून पहिल्याच दिवशी दोन तास बर्फावर जाऊ नका. घरात ब्लेडला गार्ड (वरून बसवायचं झाकण) लावून स्केट घाला आणि पंधरा-वीस मिनिटं उभे राहा, चार पावलं चाला. मग बर्फावर पहिल्या दिवशी वीस मिनिटं, पुढे थोडं थोडं वाढवत दोनतीन आठवड्यांत पूर्ण वेळ. कमानीत सौम्य थकवा येणं ठीक. टोचणं, फोड, गुडघ्यात नवं दुखणं आलं तर परत जाऊन बदल करून घ्या. आणि रोज दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा. जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायामही जोडीला चालू ठेवा. आधार मिळाला म्हणून स्नायूंना सुट्टी देऊन चालत नाही.

बर्फावरून उतरलं की इनसोल दर वेळी बाहेर काढायचा, पुसून वेगळा वाळवायचा. हीटरवर ठेवायचा नाही, आकार बिघडतो. ओला इनसोल बुटात राहिला की वास येतो, बुटाचा तळ कुजतो आणि ब्लेडचे स्क्रू गंजून सैल होतात.

मुलीच्या इनसोलच्या मागे मी पेनाने तारीख लिहिते. दर चार महिन्यांनी तो काढून तळघराच्या फरशीवर ठेवते, तिला त्यावर उभं करते आणि अंगठा कुठे येतो तिथे रेघ मारते. शेवटची रेघ जानेवारीतली आहे, कडेपासून जेमतेम तीन मिलिमीटर. या उन्हाळ्यात नवे बूट बघावे लागणार.